भयाला नाव, भयाला आरोपी

चिंचोटीचा धबधबा मुंबई-अहमदाबाद महामार्गापासून फार लांब नाही, पण महामार्ग सोडून तुंगारेश्वरच्या जंगलात शिरलं की शहराचा हिशोब तिथे चालत नाही. पावसाळ्यात डोंगरावरचं पाणी अचानक वाढतं, खडक शेवाळतात. पोलीस मनाई आदेश काढतात, तरी माणसं जातात आणि त्यांतली काही परत येत नाहीत. याच रानात बिबट्याही आहे. 2024 च्या मार्च-एप्रिलमध्ये एक बिबट्या थेट वसई किल्ल्याच्या परिसरात येऊन राहिला आणि वनखात्याने पकडेपर्यंत कित्येक दिवस आसपासच्या लोकांना अंधार पडल्यावर घराबाहेर पडायची धास्ती वाटत होती. म्हणजे भय इथे केवळ कल्पनेचा खेळ नाही. ते खरं आहे आणि जुनं आहे. या जुन्या भयाला पालघर-ठाण्याच्या वारली पाड्यांनी दोन अगदी वेगळी उत्तरं दिली. एक उत्तर वाघोबाचं: लाकडावर किंवा दगडावर वाघ कोरायचा, वर सूर्य-चंद्र काढायचे, वाघबारशीला त्याची पूजा करायची आणि ज्याच्यापासून जिवाला धोका त्याच्याशीच नातं जोडायचं. दुसरं उत्तर भुताळीचं: पाड्यावर मूल दगावलं, गुरं मेली, की कुणा एकट्या म्हाताऱ्या बाईकडे बोट दाखवायचं, भगताने तिचं नाव घ्यायचं आणि तिला मारहाण करायची, हुसकायचं, कधी जिवे मारायचं. पहिल्या उत्तरात भयाला नाव मिळतं, दुसऱ्यात भयाला आरोपी मिळतो. भयपटांचा विचार करताना मला हा फरक सगळ्यात मोलाचा वाटतो. भूत किती भयानक, रक्त किती सांडलं, दिग्दर्शक किती नामवंत, हे सगळे प्रश्न त्याच्या मागून येतात.

हा प्रश्न धर्माचा आहे, निव्वळ करमणुकीचा नाही, हे आधी स्पष्ट करायला हवं. भय ही धर्माची खालची पायरी आहे असं आपल्याकडे दोन्ही बाजूंचे लोक मानतात. नास्तिक म्हणतो, माणूस घाबरला म्हणून त्याने देव निर्माण केला. हे मत रोमन काळापासून चालत आलं आहे. भाविक म्हणतो, भीतीपोटी केलेली पूजा ही खरी भक्ती नव्हे. दोघांचंही भयाविषयीचं मत एकच, आणि ते मला अपुरं वाटतं. रुडॉल्फ ओटो या जर्मन धर्मचिंतकाने 1917 साली पवित्रतेच्या अनुभवावर पुस्तक लिहिलं, तेव्हा त्या अनुभवात थरकाप आणि ओढ एकाच वेळी असतात असं त्याचं म्हणणं होतं, आणि त्यासाठी त्याने ज्या उदाहरणांचा आधार घेतला त्यांत गीतेचा अकरावा अध्याय आहे. विश्वरूप पाहावं असं अर्जुनालाच वाटत होतं. ते दिसल्यावर तो हादरतो, आजवर सखा म्हणून केलेल्या सलगीबद्दल क्षमा मागतो आणि पुन्हा पहिल्यासारखं सौम्य रूप दाखव म्हणून विनवतो. समोरचा त्याचा वैरी नाही, उलट त्याचाच सारथी आहे. त्या रूपात कृष्ण आपली ओळख काळ अशी करून देतो. भरताच्या नाट्यशास्त्रात प्रत्येक रसाला एक देवता दिली आहे आणि भयानक रसाची देवता काळ हीच आहे. धर्मग्रंथ आणि नाट्यग्रंथ इथे एकाच जागी येऊन उभे राहतात, आणि ती जागा खालची पायरी खचितच नाही.

नाट्यशास्त्रावर दहाव्या-अकराव्या शतकात काश्मीरच्या अभिनवगुप्ताने जी टीका लिहिली, तिच्यात भयानक रसाचा मुद्दा एका हरणावरून समजावला आहे. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात दुष्यंताचा रथ मागे लागलेला असतो आणि हरीण मान वळवून मागे बघत पळत असतं. अभिनवगुप्त विचारतो, प्रेक्षकाला इथे जे भय जाणवतं ते कुणाचं? ते हरणाचं म्हणावं तर रंगमंचावर खरं हरीण नाही. राजाचा धाक म्हणावा तर राजाही खरा नाही. माझं स्वतःचं म्हणावं तर मी उठून पळून जायला हवं. त्याचं उत्तर असं की हे भय अमुक काळाचं, अमुक स्थळाचं, अमुक माणसाचं उरत नाही. मी भ्यालो, तो भ्याला, हा शत्रू, हा मित्र, या सगळ्या खुणा गळून पडतात आणि निखळ भय तेवढं हृदयात उतरतं. याला आपण साधारणीकरण म्हणतो आणि परीक्षेपुरतं पाठ करून विसरतो. पण चांगला भयपट पाहताना अंधाऱ्या सभागृहात जे घडतं त्याचं याहून नेमकं वर्णन मला तरी सापडलेलं नाही. भयातली वैयक्तिक कड झडते, म्हणूनच ते बघवतं, सोसवतं आणि त्याच्याविषयी विचार करता येतो. अभिनवगुप्ताच्या या म्हणण्याची दुसरी बाजूही आहे: शत्रू-मित्र या खुणा चित्रपटाने शेवटपर्यंत घट्ट धरून ठेवल्या, तर भय मोकळं होत नाही. ते कुणाच्या तरी अंगावर चिकटून राहतं.

रामसे बंधूंचे चित्रपट या कसोटीवर पाहावेत. 'पुराना मंदिर' (1984) आजही हजारो रसिकांच्या जिवाभावाचा आहे आणि त्यामागे कारणं आहेत: धुक्यात उभी हवेली, लाल-हिरव्या प्रकाशाचे झोत, थोड्या पैशांत उभी केलेली भीती. कमी साधनांत एवढं वातावरण निर्माण करण्याची ताकद मला आजच्या कित्येक महागड्या चित्रपटांत दिसत नाही. पण त्यांच्या जगात देव हे हत्यार असतं. सामरी हा सैतान जिवंत होतो, माणसं मारतो, शेवटी त्रिशूळापुढे त्याचं चालत नाही आणि मंडळी घरी जातात. भयाचा एक मालक ठरलेला असतो, तो संपला की भय संपतं. ही चमत्काराची धार्मिकता आहे. तिच्यात प्रार्थना नाही, मारक मंत्र आहे. महेश कोठारेंचा 'झपाटलेला' (1993) याच कल्पनेला हसवत पुढे नेतो. बाबा चमत्काराकडून मिळवलेला मृत्युंजय मंत्र तात्या विंचूच्या हाती पडतो आणि चालतो, कारण त्या जगात मंत्राला म्हणणाऱ्याच्या चारित्र्याशी काही देणंघेणं नाही. दिलीप प्रभावळकर, लक्ष्मीकांत बेर्डे आणि रामदास पाध्यांचा बाहुला यांनी मराठी मुलांच्या दोन पिढ्यांना खाटेखाली वाकून बघायला लावलं, हे काही कमी नाही. मात्र ज्या जगात मंत्र म्हणजे नुसती किल्ली आहे, तिथे भय माणसाला काही विचारत नाही.

'तुंबाड' विचारतो. राही अनिल बर्वे यांचा हा चित्रपट 12 ऑक्टोबर 2018 ला प्रदर्शित झाला. त्याआधी व्हेनिस महोत्सवातल्या समीक्षक सप्ताहाची सुरुवात त्याने झाली होती. भाषा हिंदी असली तरी गाव कोकणातलं, वाडे सासवडकडचे, नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून आलेलं आणि कथेच्या मुळाशी नारायण धारपांची सावली. मराठी मातीशिवाय हा चित्रपट होऊच शकला नसता. त्यातली पुराणकथा नव्याने रचलेली आहे. समृद्धीच्या देवीचं पहिलं मूल हस्तर. त्याने सोनं घेतलं, मग धान्याकडे हात नेला, तेव्हा इतर देव त्याच्यावर तुटून पडले. आईने त्याला आपल्या उदरात दडवून वाचवलं, एका अटीवर: त्याची पूजा कधीही होणार नाही. ज्याची पूजा निषिद्ध आहे असा देव कल्पिणं ही माझ्या मते अलीकडच्या भारतीय चित्रपटातली सर्वांत मोठी धार्मिक कल्पना आहे. कारण चित्रपटाचा नायक विनायकराव नेमकी पूजाच करतो. तो वर्षानुवर्षं ठरल्या विधीने त्या गर्भात उतरतो, पिठाचं रिंगण आखतो, पिठाची बाहुली नैवेद्यासारखी पुढे करतो आणि हस्तर खायला आला की त्याच्या लंगोटातून मोहरा ओरबाडून वर येतो. विधी आहे, नैवेद्य आहे, सोवळ्यासारखे कडक नियम आहेत. श्रद्धा तेवढी कुठेच नाही. हस्तर भुकेलेला आहे, दुष्ट नाही. आईच्या पोटात अडकलेलं उपाशी लेकरू आहे. भीतीदायक काय असेल तर दर खेपेला पुन्हा दोर सोडून खाली जाणारा माणूस.

कठोपनिषदातला नचिकेता याच्याच विरुद्ध टोकाला उभा आहे. रागाच्या भरात बाप त्याला मृत्यूला देऊन टाकतो. नचिकेता यमाच्या दारी जातो, यम घरी नसतो, तीन रात्री तो उपाशी तिथेच थांबतो. यम परत येतो तेव्हा ब्राह्मण अतिथी उपाशी राहिला म्हणून त्यालाच खंत वाटते आणि तो तीन वर देऊ करतो. तिसऱ्या वरात नचिकेता विचारतो की माणूस मेल्यावर काही उरतं का. यम हे सांगायला तयार नसतो. तो सोनं देऊ करतो, हत्ती-घोडे, रथ, स्त्रिया, हवं तेवढं आयुष्य देऊ करतो. पोरगा नकार देतो. उपनिषदातला यम भयानक आहे, पण खलनायक नाही; तो यजमान आहे आणि पुढे गुरू होतो. भयाच्या घरी जाऊन तुम्ही काय मागता, यावर ते घर तुमच्यासाठी काय होणार ते ठरतं. विनायकराव सोनं मागतो, म्हणून त्याला भुकेचं पोट मिळतं. 'तुंबाड'च्या शेवटी बापाने आणलेला तो सोन्याचा लंगोट नाकारणाऱ्या मुलाचं नाव पांडुरंग आहे, आणि त्या नकारात मला नचिकेताचाच नकार ऐकू येतो. इथेही बापाने पोराला मृत्यूच्या दारात नेऊनच उभं केलेलं असतं. चित्रपटाच्या आरंभी हावेविषयी गांधीजींचं वचन झळकतं. ते नसतं तर बरं झालं असतं असं मला वाटतं. त्यामुळे एवढी गुंतागुंतीची गोष्ट आधीच बोधकथेच्या चौकटीत बसवल्यासारखी होते.

दुसरा नचिकेत थेट नाव घेऊन येतो. उमेश कुलकर्णी यांच्या 'विहीर' (2009) मधला मुलगा नचिकेत आणि त्याचा भाऊ-मित्र समीर. नचिकेतच्या मनात घर सोडून निघून जाण्याचे, नसण्याचे विचार आहेत. घरात लग्नाची गडबड चालू असताना तो विहिरीत बुडून जातो. इथे भूत नाही, शाप नाही, दचकवणारा आवाज नाही. तरीही पडद्यावर विहिरीचं पाणी दिसतं तेव्हा अंगावर काटा येतो, आणि हा चित्रपट समांतर चित्रपटांच्या खणात ठेवणाऱ्यांनी त्याला भयपटांच्या शेजारी ठेवून पाहावा असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे. मागे राहिलेल्या समीरला कुणी उत्तर देत नाही, कारण दारात यम नाही. तो नचिकेत लपलाय असं मानून त्याला शोधत राहतो. मोठी माणसं दोष द्यायला कुणीतरी शोधतात, तशी कुणाची मान दिग्दर्शक पुढे करत नाही: विहिरीची नाही, आईबापांची नाही, नशिबाची नाही. महाराष्ट्रात पाणवठ्यांवर शेंदूर लावलेले सात दगड असतात, त्यांना सात आसरा म्हणतात. त्या माणसाला पाण्यात ओढतात असा समज आहे. त्या दगडांमागे हेच भय आहे: पाणी सुंदर आहे, ते बोलावतं, आणि ते कुणाचंच नसतं.

विवेकवादी यावर गंभीर आक्षेप घेतील आणि तो घ्यायलाच हवा. ज्या जिल्ह्यांत भुताळी ठरवून बायकांना छळलं जातं, तिथे भुताखेतांच्या चित्रपटांना दर्शन वगैरे म्हणणं ही सुशिक्षितांची चैन नाही का? नरेंद्र दाभोलकरांनी ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी आयुष्य वेचलं तो त्यांच्या खुनानंतर, 2013 मध्ये झाला. भयाला शोभा देणं हे त्या कामावर पाणी ओतणं नाही का? मी हा आक्षेप मनावर घेतो आणि म्हणूनच त्या कायद्याकडे नीट बघतो. भिणं हा त्यात गुन्हा नाही. देवापुढे हात जोडणं, यात्रा, कीर्तन, प्रदक्षिणा यांना त्याने हात लावलेला नाही. गुन्हा आहे तो एखाद्या माणसाने करणी केली, जादूटोणा केला, असं जाहीर करून त्याला छळण्याचा, आणि भयाचा धंदा करण्याचा. देवाधर्माला आपला विरोध नाही, शोषणाला आहे, असं दाभोलकरही सांगत आले होते. म्हणजे वाघोबा आणि भुताळी यांतली रेघ कायद्याने नेमकी जिथे हवी तिथेच मारली आहे. चित्रपटांनाही तीच लावावी. जो भयपट विधवेला, काळ्या रंगाच्या बाईला, रानातल्या आदिवासीला भयाचा उगम म्हणून दाखवतो, तो पाड्यावरच्या भगताचंच काम करतो, मग त्याचं छायाचित्रण कितीही देखणं असो. आपल्या मालिकांचे कितीतरी सेट नायगाव परिसरातच उभे राहतात, आणि मंत्रतंत्र करणारी काळ्या कपड्यांतली बाई ही त्या मालिकांची नेहमीची सोय आहे. ही सोय मला पडद्यावरच्या कुठल्याही रक्तपातापेक्षा जास्त धोकादायक वाटते.

याच्या अगदी उलट, डेन्मार्कच्या कार्ल ड्रायरने 1943 मध्ये, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, 'डे ऑफ राथ' हा चित्रपट केला. सतराव्या शतकातली गोष्ट. एका म्हातारीला चेटकीण ठरवून जाळतात, पुढे धर्मगुरूची तरुण बायको ॲन हिच्यावर तोच आळ येतो आणि शेवटी ती तो कबूल करते. ती खोटं बोलते की तिला स्वतःलाच ते खरं वाटू लागलं आहे, हे ड्रायर सांगत नाही. आरोपी शोधणारं भय कुठवर जातं ते त्या चेहऱ्यावर दिसतं: माणूस स्वतःच स्वतःविरुद्ध साक्ष देतो. अंधश्रद्धेविरुद्ध यापेक्षा कडक चित्रपट मला माहीत नाही, आणि तो एक भयपट आहे.

भाविकांचा आक्षेप वेगळा आणि मला जास्त अवघड वाटणारा आहे. वारकरी परंपरेने भीतीच्या देवांना केव्हाच निरोप दिला. तुकोबांनी जाखाई-जोखाईंची खरमरीत भाषेत वासलात लावली. ज्या भाषेत एवढं सगळं सांगून झालंय, तिथे पुन्हा भयाची थोरवी कशाला? माझं उत्तर असं की तुकोबांनी जे झिडकारलं तो भयाचा सौदा होता: मद्यमांसाचा नैवेद्य दे, संकट टाळतो. विनायकरावही पिठाच्या बाहुलीने तोच सौदा करतो. भय मात्र त्यांनी झिडकारलेलं नाही. इंद्रायणीत बुडालेल्या वह्यांची कथा भयाशिवाय समजूच शकत नाही. आणि प्रभातच्या 'संत तुकाराम'मध्ये (1936) दामले-फत्तेलालांनी याहून पुढचं दाखवलं. पोर तापाने फणफणलंय, तेव्हा तुकोबांची बायको आवली हातात वहाण घेऊन विठोबाच्या देवळात शिरते आणि त्याला जाब विचारते. भ्यालेल्या आईने आरोपी शोधला खरा, पण कुणी शेजारीण नाही, सून नाही, रानातली म्हातारी नाही, साक्षात देव. तो आरोप सोसू शकतो. विष्णुपंत पागनीसांची शांत मुद्रा सगळ्यांना आठवते आणि 1937 मध्ये व्हेनिसला चित्रपटाचा गौरव झाला तोही योग्यच, पण त्यातला धर्म मला गौरीने रंगवलेल्या या आवलीत जास्त सापडतो. भयाला नाव देण्याचा हा सगळ्यात निर्भय प्रकार आहे: ज्याचं नाव घेतलं त्याच्याशीच भांडायचं.

उरतो न्यायाचा प्रश्न. आरोपी नको म्हणताना मी गुन्हेगारांना सोडून देतोय का? विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' (2017) इथे अडवतो. उसाच्या फडातलं एकाकी घर, गरोदर नेहा, आणि फडात ऐकू येणारी मुलं. सुरुवातीला भय त्या मुलांकडून येतंय असं वाटतं. मग कळतं की मुलींना जन्मू न देणारं घर हेच भयाचं घर आहे. भुतांवरचा संशय काढून घेऊन तो जिवंत माणसांच्या व्यवस्थेवर आणणं हे या चित्रपटाचं मोठं काम आहे. इथे कोणी गुन्हेगार नाही असं म्हणणं लबाडी ठरेल. पण गुन्ह्याचा गुन्हेगार पुराव्याने ठरतो आणि भयाचा आरोपी दुबळेपणावरून ठरतो. सबळ माणसाला कुणी भुताळी म्हणत नाही. म्हणूनच 'लपाछपी'विषयी माझी एक तक्रार आहे. उषा नाईक यांनी त्या घरातली तुळसाबाई अशी काही उभी केली आहे की भीतीचा जवळजवळ सगळा भार तिच्यावर येतो, आणि ज्या पुरुषांच्या वंशाच्या दिव्यासाठी हे चाललं ते अंधारातच राहतात. पुन्हा एक बाईच भयाचा चेहरा झाली.

सप्टेंबर 2024 मध्ये 'तुंबाड' पुन्हा चित्रपटगृहांत आला, पहिल्या खेपेपेक्षा जास्त चालला आणि लगोलग पुढच्या भागाची घोषणा झाली. 2018 मध्ये पाठ फिरवलेल्या प्रेक्षकांनी त्याला उचलून धरलं याचा आनंद आहेच. काळजी वाटते ती हस्तरची. पुढचा भाग करायचा तर काहीतरी परत यायला हवं, आणि सगळ्यात सोपं म्हणजे हस्तरला शत्रू करून परत आणणं, सामरीसारखा, ज्याला शेवटी मारता येईल. तसं झालं तर पांडुरंगाच्या नकाराला काही अर्थ उरणार नाही, कारण नाकारायला सोनं नसेल, ठार मारायला राक्षस असेल. पूजा निषिद्ध असलेल्या त्या भुकेल्या देवाला भुकेलाच ठेवण्याचं धाडस पुढच्या दिग्दर्शकाकडे आहे का, एवढं मला पहिल्या खेळाला बघायचं आहे.